दोन चमचे तेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सकाळी एखादा सुटा भाग नमुना म्हणून टाकला, तर संध्याकाळपर्यंत त्याचे चार भाऊ तयार होतात आणि त्यातला एक मूळच्यापेक्षा टिकाऊ निघतो, असं तिथले लोक सांगतात. तिथले लोक स्वतःबद्दल कधी कमी सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण लालासाब मुजावर मिस्त्रीच्या ब्रेककामाबद्दल जे सांगितलं जाई, ते निव्वळ खरं होतं. फोंड्याचा घाट उतरायचा असो की आंबोलीचा, ट्रकवाले आदल्या दिवशी गाडी त्याच्या दारात आणून लावायचे आणि तो "जा आता" म्हणाल्याशिवाय हलायचे नाहीत.

लालासाब पन्नाशीचा, अंगानं वाळक्या शेंगेएवढा. उभं आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेल्यामुळे त्याला माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याचे पाय जास्त ओळखू यायचे. शाळा चौथीतच सुटली होती. उस्तादानं मात्र एक धडा पक्का शिकवला होता, की गिऱ्हाइकाची गाडी उण्या तेलानं परत धाडायची नाही. बोटभर कमी दिसलं तर आपल्या पदरचं घालायचं, त्याचा पैसा मागायचा नाही आणि बोलूनही दाखवायचं नाही. आज तीस वर्षं लालासाब हे करत आला होता. या चांगल्या सवयीनंच त्याचा घात केला, ती ही गोष्ट.

चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी. ईरप्पा पट्टणशेट्टी सकाळी सकाळी स्कूटरवरून दारात आला. हा ईरप्पा उजळाईवाडीच्या माळावरच्या फ्लाइंग क्लबाचा इंजिनिअर. तरुणपणी दोघं एकाच गॅरेजात पाने पुसायला होते. पुढं ईरप्पा शिकला, परीक्षा देऊन विमानाचा परवाना मिळवला, साहेब झाला. तरी लालासाबशी बोलताना साहेबपण स्कूटरच्या डिकीत ठेवून यायचा.

"लाला, चल. विमानाचं ब्रेक करायचं हायत."

"विमानाला ब्रेक असतोय?"

"मग उतरल्यावर काय झाडाला बांधत्यात व्हय?"

क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी पिशवी आणि एक पिवळं विमान. दोन माणसांचं, लढाईच्या काळातलं. दसऱ्याला त्याच्या दोन्ही पेडलांचे मास्टर सिलिंडर गळायला लागले आणि तेव्हापासून ते जागेवर उभं होतं. नवे सिलिंडर परदेशातून लाकडी खोक्यात यायला तीन महिने लागले. आता आले, तर ते बसवायला पेडलांखाली डोकं घालून उलटं पडावं लागणार, आणि ईरप्पाच्या कमरेचा मणका दिवाळीपासून त्याला बुटाची नाडीसुद्धा बांधू देत नव्हता.

"काम तू करायचं, बघायचं मी, सही माझी," ईरप्पा म्हणाला. मग जरा आवाज उतरवून पुढं बोलला, "शांताचा शिकाऊ परवाना शनिवारी संपतोय, लाला. त्याच्या आत एकटीनं विमान उडवून उतरवलं तर पुढचा कागद हलतोय. न्हायतर परत डाक्टर, परत मुंबईला अर्ज, परत सगळं पयल्यापासनं."

शांतादेवी म्हणजे ईरप्पाची मुलगी. एकोणीस वर्षांची. लालासाबनं तिला परकरात पाहिलेली. मुलगी विमान उडवणार म्हटल्यावर नात्यातल्या लोकांनी ईरप्पाला वेड्यात काढलं होतं. तिच्या आईला, बसव्वाला, दर सोमवारी देवळात कुणी ना कुणी विचारायचंच, की पोरगीला जमिनीवर जागा कमी पडली काय? एवढं सगळं कानावर घेऊन ही तिघं टिकली होती आणि आता सगळं तीन दिवसांवर येऊन ठेपलं होतं. लालासाबनं पिशवीत पाने भरले, नेहमीचा ब्रेक ऑइलचा चपटा डबा टाकला आणि स्कूटरवर मागं बसला.

बुधवारी दिवसभर आणि गुरुवारी सकाळी काम चाललं. पाय वर सीटवर, डोकं खाली पेडलांत, अशा अवस्थेत लालासाब विमानात उलटा लटकला होता. जागा एवढी चिंचोळी की नाक खाजवायचं तर आधी कोपर कुठं ठेवायचं याचा विचार करावा लागे. बाहेरून ईरप्पा बॅटरी धरून एकेक गोष्ट सांगे. जुने सिलिंडर निघाले, नवे बसले, प्रत्येक बोल्टाला तारेची गाठ पडली. लालासाबला मनातून बरं वाटत होतं. एवढ्या नाजूक कामाला आपले हात अजून चालतात, हे माणसाला पन्नाशीत कुणीतरी दाखवावं लागतं.

नळ्यांतली हवा काढायची वेळ आली तेव्हा मात्र दोघांची जुंपली. ट्रकला वरून पेडल मारून तेल खाली ढकलतात. ईरप्पा म्हणाला, इथं चाकापासून पिचकारीनं तेल वर चढवायचं.

"उलटं शिकवतोस काय मला?"

"अरं, हवा आपली आपण वर जातीया. तू तिला खाली कशाला दाबतोस?"

लालासाबनं जरा विचार केला, मग हसला. तीस वर्षं हवेशी भांडत होतो की आपण, असं पुटपुटत त्यानं पिचकारी हातात घेतली. डाळिंबाच्या रसासारखं लाल तेल नळीतून वर चढलं, बुडबुडे गेले, पेडल दगडासारखं घट्ट झालं. ईरप्पानं सिलिंडरांवरच्या चिमुकल्या टाक्यांत वाकून पाहिलं, "बास" म्हणाला, लाल तेलाचा डबा कपाटात ठेवून त्याला कुलूप घातलं आणि चहा आणायला ऑफिसात गेला. ते तेल सहजी मिळत नव्हतं, म्हणून थेंबाथेंबाला कुलूप.

झाकणं लावता लावता लालासाबनं टाकीत बघितलं. बोटभर रिकामी. दुसरीही तशीच. तेल तापून फुगलं तर मावावं म्हणून ती जागा मुद्दामच ठेवलेली असते, हे त्याला कोण सांगणार? ईरप्पा बिचारा काटकसर करतोय, असं त्याला वाटलं. पोरीचं विमान उण्या तेलानं धाडायचं? त्यानं पिशवीतला चपटा डबा काढला आणि दोन्हींत एकेक चमचा ओतला. आपलं तेल पिवळसर, हे लाल. पण ट्रकच्या तेलांचेही रंग निराळे असतातच, आणि ती एकमेकांत मिसळून काही कुणाचं बिघडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. झाकणं आवळून तो खाली उतरला. ईरप्पा चहा घेऊन आला, त्यानं बोल्ट पाहिले, तारा पाहिल्या, पेडलं दाबून पाहिली. टाक्या त्यानं मघाशीच पाहिल्या होत्या.

दुपारी कॅप्टन हंबीररावांनी शांताला पुढं बसवून सहा फेऱ्या मारल्या. हे हंबीरराव क्लबाचे शिकवणारे, सैन्यातून आलेले, मिशीला जपणारे. प्रत्येक वेळी विमान उतरलं आणि सरळ रेषेत थांबलं. "मिस्त्री, झकास!" ते ओरडले. ईरप्पानं वहीत सही केली. उद्या सकाळी आठला शांता एकटी जाणार, असं ठरलं. लालासाब निघताना जुन्या सिलिंडरातला एक रबरी वायसर नमुना म्हणून खिशात टाकून घेऊन आला. उद्यमनगरचा माणूस नमुना सोडत नाही.

दुकानात आल्यावर त्यानं तो वायसर कपात ठेवला आणि वर आपलं ब्रेक ऑइल ओतलं. ट्रकचं जुनं रबर असंच ठेवायचं, म्हणजे कडक पडत नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला दुकानाची फळी काढून त्यानं कपात बघितलं, तर वायसर भिजल्या हरभऱ्यासारखा टम्म फुगलेला. त्यानं तो बाहेर काढला. बोटांत दाबला तर मऊ लागला. काल हाच त्या सिलिंडरात सुळकन जात होता. आज तोंडाशीसुद्धा मावला नसता. हे रबर ट्रकचं नव्हतं. त्याला लाल तेलच लागत होतं, आणि आपण काल त्या दोन्ही टाक्यांत हेच पिवळं ओतून आलो.

लालासाब तिथंच पाटावर बसला. पुढचं सगळं त्याला दिसायला लागलं, कारण ब्रेकच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वायसर फुगला की पेडल परत येत नाही. पेडल परत आलं नाही की चाक आवळलेलंच राहतं. आवळलेल्या चाकावर ट्रक घसरतो. विमान नाकावर आपटतं.

सुलतानबी चहा घेऊन आली, तर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. त्यानं वायसर दाखवून सगळं सांगितलं.

"काल सहा फेऱ्या झाल्या," तो म्हणाला. "एक चमचाच हाय. बाकी सगळं लाल तेल. कदाचित काय हुणार न्हाय."

"आणि झालं तर?"

"सांगितलं तर तीस वर्साचं नाव जातंय. ईरप्पाची सही झालीया, तो अडकतोय. पोरीचा परवाना जातोय. झाकली मूठ सव्वा लाखाची, सुलतान."

"मुठीत पोरगी हाय," सुलतानबी म्हणाली. "सायकलीत हवा हाय. उठा."

लालासाबनं चहाला तोंडही लावलं नाही. उद्यमनगरातून विद्यापीठाच्या चढापर्यंत तो दम न घेता आला. चढावर उतरून सायकल ढकलावी लागली तेव्हा रडकुंडीला आला. उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या. गाडीवान म्हणाले, "पावणं, एवढी घाई कशाची?" त्यांना उत्तर द्यायला त्याच्या छातीत वारा उरला नव्हता. सारखा तो आभाळाकडं बघत होता. आभाळ रिकामं होतं आणि त्यानं आजवर कधी रिकाम्या आभाळाचे एवढे उपकार मानले नव्हते.

माळावर पोचला तर विमान शेडबाहेर उभं. शांता आत बसलेली, कमरेचा पट्टा बांधलेला. हंबीरराव पंख्याजवळ. बसव्वा नवं लुगडं नेसून बाजूला खुर्चीवर. ईरप्पा लालासाबला बघून हसला. "आलास व्हय! मला वाटलंच, तू घरात बसणार न्हाईस."

एका बाजूला घेऊन हळूच सांगावं, असं वाटेत ठरवलं होतं. पण तोंड उघडलं ते सगळ्यांसमोरच. "ईरप्पा, थांबव. मी टाक्यांत माझं तेल घातलं."

"कसलं तेल?"

"ट्रकचं. दोन चमचे. तू च्या आणायला गेलतास तवा." आणि त्यानं मूठ उघडून फुगलेला वायसर त्याच्या हातावर ठेवला. "रातभर त्याच तेलात हुता."

ईरप्पा कितीतरी वेळ त्या वायसराकडं बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो फक्त बोटांत दाबून पाहिला.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "दोन चमच्यांचं काय घेऊन बसलात? काल सहा फेऱ्या झाल्या. अहो, पाच मिनिटांचं काम आहे. एक फेरी मारू दे तिला, मग खुशाल सगळं उघडा. उद्या परवाना संपतोय पट्टणशेट्टी, समजतंय ना?"

ईरप्पानं घड्याळाकडं बघितलं. लालासाबला त्याच्या चेहऱ्यावर सगळं वाचता आलं. बापाला मुलीनं उडायला हवं होतं, आणि पाच मिनिटं म्हणजे खरंच थोडी होती. इंजिनिअर गप्प होता. त्या क्षणी कुणी आणखी एक शब्द बोललं असतं तर ईरप्पा "जाऊ दे" म्हणाला असता, आणि हे ओळखून लालासाब पुढं होऊन विमानाच्या चाकापुढं उभा राहिला. वाळकी शेंग ती, पण हलणार नाही अशी.

"चाचा," वरून शांताचा आवाज आला. "डाव्या पायाचं पेडल सावकाश वर येतंय. काल स्प्रिंग सोडल्यासारखं येत होतं. मला वाटलं, थंडीनं असंल."

लालासाबनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"तुमच्या ट्रकवाल्याला असं झालं असतं, तर घाट उतरू दिला असता काय तुम्ही?"

"न्हाय बेटी," लालासाब म्हणाला. "किल्ली काढून घेतली असती."

शांतानं पट्टा सोडला. पंखावर हात टेकून खाली उतरली. डोळे भरले होते ते तिनं लपवले नाहीत. "अप्पा, आत घेऊया शेडमधे," एवढंच म्हणाली.

चौघं मिळून विमान ढकलायला लागली, तर ते आपोआप डावीकडं वळायला लागलं. पेडलावर कुणाचा पाय नव्हता आणि तरी डावं चाक धरून बसलं होतं. हंबीररावांनी एकदा चाकाकडं बघितलं, एकदा धावपट्टीच्या टोकाकडं, आणि मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. 

बसव्वा आतापर्यंत लांबूनच बघत होती. तिनं थर्मासातून चहा ओतला आणि पहिली कपबशी लालासाबपुढं धरली. "अण्णा, घ्या. घरातनं तसंच उपाशी आलायसा."

"वैनी, पोरीचं नुकसान केलं मी."

"पोरगी पुढ्यात उभी हाय," बसव्वा म्हणाली. "च्या गार हुतुया."

लालासाबनं कपबशी घेतली, तशीच बाजूला ठेवली आणि डाव्या चाकापाशी जाऊन बसला.

दुपारपर्यंत दोघांनी सिलिंडर उघडले. डावा वायसर भिंतीला चिकटून बसला होता, उजवा त्याच वाटेवर होता. नवे वायसर मागवायचे म्हणजे पुन्हा परदेश, पुन्हा खोकं. ईरप्पानं विमानाची वही डबड्यावर उघडली. पट्टी लावून त्यानं आपली कालची सही सरळ रेघेनं खोडली. आयुष्यात पहिल्यांदाच. मग खाली इंग्रजीत तीन ओळी लिहायला लागला.

"माझं नाव नीट लिही," लालासाब म्हणाला. "लालासाब गैबीसाब मुजावर. मुंबईच्या सायबाला कळू दे."

ईरप्पानं लिहून वही मिटली. लालासाबला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ती उचलून शांतापुढं केली. "वाच बेटी. मराठीतनं सांग."

शांतानं वाचलं. "टाक्यांत चुकीचं तेल गेलं. झाकणं लावल्यावर इंजिनिअरनं टाक्या पुन्हा तपासल्या नाहीत. चूक इंजिनिअरची. ई. बी. पट्टणशेट्टी."

"हे खोटं हाय!" लालासाब ओरडला. पत्र्याची शेड घुमली. "तेल मी घातलं. तू का आपल्या डोक्यावर घेतोस?"

"खोटं कुठं हाय? लाल तेल कुलपात कुणी घातलं? मी. टाकीत बोटभर जागा का ठेवायची, हे तुला सांगितलं कुणी? कुणीच न्हाय. सही माझी हाय लाला, तर चूक दुसऱ्याची कशी हुईल?"

सकाळपासून रोखून धरलेलं रडू लालासाबला त्या वेळी आलं. पिवळ्या विमानाच्या चाकाला टेकून तो पोरासारखा रडला. शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाला माफीपुढं कसं उभं राहायचं ते ठाऊक नसतं.

शनिवारी परवाना संपला. त्याला कुणी काही करू शकलं नाही. शांता पुन्हा डॉक्टरकडं गेली, पुन्हा मुंबईला अर्ज गेला. इकडं गोष्टीला पाय फुटले. उद्यमनगरात ती 'मिस्त्रीनं विमान बिघडवलं' अशी होती. पेठ वडगावच्या बाजारात पोचेपर्यंत विमान उसाच्या फडात पडून शेतकऱ्याची म्हैस दगावली होती. काही ट्रकवाले दुसरीकडं जायला लागले. लालासाबनं कुणाला काही समजावलं नाही. फक्त उजळाईवाडीच्या बाजूला जायचं त्यानं सोडलं. ईरप्पाचा निरोप आला तरी काही ना काही निमित्त काढायचा.

चैत्रात नवे वायसर आले. त्याच दिवशी ईरप्पाची स्कूटर दारात उभी राहिली. लालासाब एका ट्रकखाली होता. त्यानं बाहेर न येताच सांगितलं, "दुसरा बघ कोणतरी, ईरप्पा. मला आता त्यात हात घालवत न्हाय."

"बघितला असता की. हात चालणारे पन्नास हायत इथं." ईरप्पानं मणक्याला न जुमानता गुडघे टेकले आणि ट्रकखाली वाकून बघितलं. "पर शांता म्हणतीया, चाचांनी बसवलं असंल तरच मी एकटी जाणार."

"का? एवढं हून बी?"

"मी बी तेच इचारलं. ती म्हणाली, त्यांच्या हातनं काय चुकलं तर ते सांगायला येत्यात."

ट्रकखाली पाना ठेवल्याचा आवाज झाला. मग आधी पाय बाहेर आले, मग लालासाब. त्यानं फडक्याला हात पुसले, सुलतानबीला हाक मारून दुकानाकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि स्कूटरवर मागं बसला.